पदवीदानाला कोणाला बोलवावे?

माझी ताई जयपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीदान समारंभाचे प्रमुख पाहुणे कोण असावेत, यावर तिच्या वर्गात वाद चालू आहे. कोणी मंत्र्यांचे नाव घेतो, कोणी नटाचे. मोठ्या नावाने सभागृह भरते, वर्तमानपत्रात फोटो येतो, हे खरे. पण त्या दिवशी मुले शिक्षण संपवून कामाला निघतात. त्यांच्यासमोर हाताने काही घडवलेला माणूस उभा राहावा, असे मला वाटते.

आपल्या परेडचेच पाहा. सलामी घेणारे अधिकारी बहुधा स्वतः असेच उन्हात रांगेत उभे राहिलेले असतात. म्हणून त्यांचे चार शब्दही पुरतात.

जयपूरमध्ये अशी माणसे लांब शोधावी लागत नाहीत. ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय १९६८ साली तिथेच तयार झाला. तो लावून मांडी घालून बसता येते, शेतात अनवाणी चालता येते. तो घडवला डॉ. प्रमोद करण सेठी आणि जेमतेम चौथी शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांनी. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजी शर्मांचे नाव मात्र ताईच्याही वर्गात फारसे कोणाला माहीत नव्हते.

हे पाय बनवणारे कारागीर आजही जयपुरात आहेत. त्यांच्यापैकी एकाला बोलवा आणि त्याच्या भाषेत दहा मिनिटे बोलू द्या. नव्या इंजिनिअरांना ते ऐकणे गरजेचे आहे.