फाटकावरचा माणूस आणि भिंतीवरचा डोळा

शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेची आठवण महाराष्ट्राच्या शासनाला मूल बळी पडल्याखेरीज होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी शाळेतलाच कंत्राटी सफाई कामगार होता. पालकांची तक्रार नोंदवून घेण्यात पोलिसांनी तासन्‌तास घालवले. २० ऑगस्टला जनता रेल्वेमार्गावर उतरली आणि दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला : खाजगी व्यवस्थापनांच्या शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी, तक्रारपेट्या लावाव्यात. बैल गेला आणि झोपा केला, या म्हणीचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण.

पण झोपा तरी नीट केला काय? बदलापूरच्या त्या शाळेतील कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितले होते. म्हणजे कॅमेरा नसल्यामुळे तो प्रसंग घडला असे म्हणण्यास शासनाकडेच आधार नव्हता. कॅमेरा पाहतो, राखत नाही. तो झाल्या गुन्ह्याचा साक्षीदार होऊ शकेल, तेही वीज असेल, यंत्र चालू असेल आणि कुणी त्याचे चित्रण पुसले नसेल तर. चार वर्षांच्या मुलीचा हात धरून तिला स्वच्छतागृहापर्यंत नेणारी मावशी, परक्या माणसाला फाटकावर अडवणारा शिपाई, सुटी झाल्यावर शेवटचे पोर बाहेर पडेपर्यंत थांबणारा माणूस, यांची जागा भिंतीवरचा डोळा कशी घेणार?

आणि नेमका हाच माणूस शासनाने शाळेतून हद्दपार केला आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांची नियमित पदे रिकामी होतील तशी संपुष्टात आणण्याचे ठरले. त्यांच्या जागी ‘शिपाई भत्ता’ आला : ग्रामीण भागात महिना ५ हजार रुपये, मुंबई-पुण्यात १० हजार. २०२२ साली सत्ता पालटली. त्या पालटाबरोबर हा निर्णय मात्र पालटला नाही. काटकसर गरिबांच्या शाळेपासून सुरू करावी, याविषयी प्रस्थापितांच्या दोन्ही गटांत विलक्षण एकमत आहे.

या भत्त्याचा हिशेब मांडून पाहावा. महिन्याला ५ हजार म्हणजे दिवसाला सुमारे १६७ रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात रोजची मजुरी ३१२ रुपये ठरलेली होती. म्हणजे माती उचलण्यासाठी कायद्याने जेवढे द्यावे लागते, त्याच्या जवळजवळ निम्म्या दरात शासन शे-दीडशे मुलांचा राखणदार मागत होते! अशा मोबदल्यावर येणारा माणूस टिकत नाही. टिकला तरी अर्धा दिवस दुसरीकडे राबतो. कंत्राटी कामगार म्हणजे संभाव्य गुन्हेगार, असा सोयीस्कर निष्कर्ष बदलापूरनंतर काही मंडळींनी काढला. तो कष्टकऱ्यांचा अपमान आहे. दोष कामगाराच्या जातकुळीत नसून कंत्राटाच्या रचनेत आहे. ज्याची नेमणूक कुणी केली हे नक्की नाही, ज्याची पूर्वपीठिका कुणी तपासली नाही, जो उद्या असेल की नाही हे कुणाला ठाऊक नाही, अशा माणसाबद्दल उत्तरदायी कोण? संस्था ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार संस्थेकडे, आणि शासन दोघांकडे.

मराठवाड्यात या धोरणाचे परिणाम अधिक तीव्र आहेत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत खेड्यापाड्यांतले माध्यमिक शिक्षण मुख्यतः अनुदानित शाळांच्या आधारावर उभे राहिले. तेथला शिपाई गेला. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना तर शिपायाचे पद कधी मिळालेच नाही. घंटा, कुलूप, पाणी, फाटक हे सारे शिक्षकाच्याच माथी. दोन शिक्षकी शाळेतला एक जण मतदार यादीच्या कामाला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की उरलेल्या एकाने चार वर्गांना शिकवायचे, खिचडीवर लक्ष ठेवायचे आणि रस्त्याकडे धावणारी पोरेही आवरायची! शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, आणि शाळेभोवती भिंत वा कुंपण या गोष्टी २००९ सालापासून लिहिलेल्या आहेत. त्याच वेळी ‘लातूर पॅटर्न’च्या नावावर उभ्या राहिलेल्या बाजारात सुरक्षा ही शुल्काबरोबर विकली जाणारी वस्तू झाली आहे. ज्याच्या बापाची ऐपत आहे त्याच्या मुलाला पहारा, आणि शेतमजुराच्या मुलीला देवाचा भरवसा. हे वर्गीय वास्तव आहे.

सुरक्षिततेला फाटकाइतकेच छपरही लागते. निजामी राजवट १९४८ साली संपली. परंतु ‘निजामकालीन शाळा’ हा शब्द मराठवाड्याच्या शासकीय पत्रव्यवहारातून गेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. शाळा मात्र त्या वेळी रिकाम्या होत्या. चीनमधील सिचुआनचा भूकंप १२ मे २००८ रोजी भर दुपारी झाला आणि हजारो मुले वर्गांतच गाडली गेली. किल्लारी परिसरातील शाळकरी मुलांना तो प्रसंग आला नाही, याचे श्रेय घड्याळाला आहे, इमारतींना नाही. भूमी अद्याप शांत झालेली नाही. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरातील भूकंपांनी नांदेडही हादरले. छप्पर कोसळण्यास तर भूकंपाचीही गरज नसते. २०१७ साली नगर जिल्ह्यातील निंबोडीच्या शाळेत पावसाने छत कोसळून तीन मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या शाळेत सात.

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेला २००४ साली आग लागून ९४ मुले जळाली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. मूलभूत हक्काला ‘निधी उपलब्ध झाल्यास’ अशी अट घालता येत नाही.

तरीही तिजोरी रिकामी असल्याचे रडगाणे संपत नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादन व नियोजनासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीस मान्यता दिली. त्या आखणीत नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे होते आणि तेथले शेतकरी आपली जमीन जाऊ नये म्हणून लढत होते. राज्यात शासन आणि स्थानिक संस्थांच्या सुमारे ६५ हजार शाळा आहेत. प्रत्येक शाळेला महिना २५ हजार रुपये वेतनाचा एक नियमित कर्मचारी दिला, तर वर्षाला १,९५० कोटी लागतील. न मागितलेल्या रस्त्याच्या या एका तरतुदीत राज्यातील साऱ्या सार्वजनिक शाळांची दहा वर्षांहून अधिक काळ राखण झाली असती. रस्त्याचा खर्च एकदाचा आणि वेतनाचा दरवर्षीचा, असा आक्षेप अर्थखात्याचे पंडित घेतील. आक्षेप हिशेबापुरता खरा आहे. पण मुलेही दरवर्षी शाळेत येतात! आवर्ती गरजेला आवर्ती खर्चच लागतो. एकदाच कॅमेरे खरेदी करून ती भागत नाही. त्या खरेदीत पुरवठादाराचे भागते, एवढेच.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न पुढच्या दुर्घटनेची वाट न पाहता हाती घ्यावयास हवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. ती समिती सहीपुरती राहू देऊ नये. प्रत्येक गावात शाळेचे छत, कुंपण, स्वच्छतागृह, वीज आणि विहीर-नाल्यापासूनचे अंतर यांची पाहणी पालकांना बरोबर घेऊन करावी, तिचा अहवाल ग्रामसभेत वाचावा आणि ठरावासह जिल्हा परिषदेवर न्यावा. मागण्या चारच : धोकादायक खोलीत एकही वर्ग भरू नये, प्रत्येक शाळेला नियमित वेतनावर एक शिपाई आणि जेथे लहान मुले आहेत तेथे एक मदतनीस बाई मिळावी, डिसेंबर २०२० चा निर्णय रद्द व्हावा, आणि नेमणुकीची पडताळणी व जबाबदारी ठेकेदारावर न ढकलता शासनाने स्वतः घ्यावी.

पटसंख्या कमी म्हणून गावची शाळा बंद करण्याच्या योजनांनाही याच भूमिकेतून विरोध झाला पाहिजे. कारण दोन कोस दूरच्या शाळेत जाणारी मुलगी त्या दोन कोसांवर कोणाच्या राखणीत असते, याचे उत्तर एकाही परिपत्रकात नाही. आई सकाळी मजुरीला जाते ती लेकराला शाळेच्या स्वाधीन करून. त्या विश्वासाची किंमत दिवसाला १६७ रुपये ठरवणारे शासन कितीही डोळे भिंतीला टांगो, आंधळेच राहणार.