शाळेतील कपाटांची कुलुपे काढा

पनवेल शहर आज मोठ्या घाईच्या काळातून जात आहे. १८५२ साली नगरपालिका लाभलेले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिकेचे शहर झाले. सिडकोने वसविलेल्या नवे पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती त्याच्या कवेत आल्या, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच्या वेशीवर विमानतळाचे उद्‌घाटनही झाले. जमिनीचे भाव, रस्ते, पाणी आणि मालमत्ता कर यांची चर्चा येथे रोज होते, व ती होणे रास्तच आहे. परंतु या शहराच्या माध्यमिक शाळांतील मुलामुलींच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे एखादे पुस्तक पडते की नाही, हा प्रश्न मात्र कोणत्याही सभेत उपस्थित होताना दिसत नाही. आम्हांस तो रस्त्यांच्या प्रश्नाइतकाच निकडीचा वाटतो.

हा प्रश्न नवा नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली जो अहवाल सादर केला, त्यात शालेय ग्रंथालयांविषयी अत्यंत परखड शब्द आहेत. बहुसंख्य शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालयच नाही. आहेत ती पुस्तके जुनी आणि मुलांची आवड न पाहता निवडलेली. ती ठेवण्याची जागा अपुरी व उदास. आणि त्यांची देखभाल एखाद्या कारकुनाकडे किंवा पुस्तकांविषयी आस्था नसलेल्या शिक्षकाकडे सोपविलेली, असा त्याचा आशय आहे. सत्तरांहून अधिक वर्षे लोटली. हे वर्णन आता इतिहासजमा झाले आहे असे आपल्यापैकी किती पालक छातीवर हात ठेवून सांगू शकतील?

ग्रंथालय म्हणजे अभ्यासाच्या पंक्तीतील चटणी-कोशिंबीर, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो मुळातूनच चुकीचा आहे. पाठ्यपुस्तक एका प्रश्नाचे एक उत्तर देते. त्याच प्रश्नाविषयी दोन ग्रंथ दोन गोष्टी सांगतात, तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा व का ठेवावा, हे विद्यार्थी ग्रंथालयात शिकतो. घरचेच उदाहरण घ्या. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली ज्या शिरढोणात जन्मले, ते गाव याच तालुक्यातील. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला काही ओळी येतात. पण नववीतल्या मुलास त्यांचे चरित्र आणि जुने जिल्हा गॅझेटिअर शोधण्यास सांगितले, तर पनवेलची माहिती १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात सापडते आणि तो बुचकळ्यात पडतो. आपला तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, पुढे तो कुलाब्यात आला आणि कुलाब्याचेच नाव रायगड झाले, हे ज्याने स्वतः धुंडाळून काढले, त्याने सनावळी घोकली नसेल. परंतु इतिहास कसा शिकावा हे त्याला कळले आहे.

तथापि नुसती पुस्तके असून भागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय जीवन या दृष्टीने मननीय आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असल्यामुळे हा एल्फिन्स्टन हायस्कूलचा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत बसून वाचीत असे. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांची दृष्टी त्याच्यावर गेली. त्यांनी त्याची विचारपूस केली, वाचावयास ग्रंथ दिले, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे काय घडले ते जगास ठाऊक आहे. या हकीकतीत दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. मुलास बसून वाचावयास शांत जागा लागते, आणि योग्य वेळी योग्य ग्रंथ त्याच्या हाती ठेवणारे माणूस लागते. ज्या मुलाच्या घरी या दोहोंपैकी काहीच नाही, त्याच्यासाठी या सोयी करणारी एकमेव संस्था म्हणजे त्याची शाळा. सुस्थितीतील पालक पुस्तके विकत घेतात, अभ्यासिकेत पैसे मोजून जागाही मिळवितात. कर्नाळ्याच्या बाजूच्या आदिवासी वाडीवरून येणाऱ्या मुलीने अगर कामोठ्यातील एका खोलीत वाढणाऱ्या मुलाने कोठे जावे?

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. पण त्या कायद्याची कक्षा आठवीपाशी संपते. समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदान मिळते, ते सरकारी शाळांना. आणि महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार तर खाजगी संस्थांच्या शाळा वाहतात. ग्रंथपालाचे पद विद्यार्थिसंख्येवर अवलंबून ठेवल्यामुळे मोठ्या शाळेला पूर्णवेळ, मध्यम शाळेला अर्धवेळ आणि लहान शाळेला कोणीच नाही, अशी स्थिती आहे. गणिताला अर्धा शिक्षक चालत नाही. मग ग्रंथालयाला अर्धा माणूस का चालावा?

आणि जेथे पुस्तके आहेत, तेथे कुलूप आहे. याबद्दल एकट्या शिक्षकास दोष देणे अन्यायाचे होईल. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई ज्याच्याकडून वसूल व्हावयाची, तो किल्ली कमरेलाच बाळगणार! वस्तुतः केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम याबाबतीत अधिक समंजस आहेत. वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ झाले, आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसली, तर ती हानी त्या नियमांनी स्वाभाविक मानली आहे. असा नियम आपल्या शिक्षणसंस्थांनी ठराव करून स्वीकारण्यास कोणाची आडकाठी आहे? ग्रंथ वापरासाठी असतात, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून सांगितले. झिजून फाटलेले पुस्तक हे ग्रंथालयाचे वैभव समजावे. वीस वर्षांनंतरही कोरे करकरीत राहिलेले पुस्तक ही खरी हानी होय.

मोबाईलच्या युगात ग्रंथालय कशाला, असा आक्षेप हटकून घेतला जाईल. तो अगदीच टाकाऊ नाही. माहिती आता बोटाच्या टोकावर आली आहे, हे खरे. परंतु माहितीचा पूर जेवढा मोठा, तेवढी निवड करण्याची शक्ती अधिक लागते, आणि ती शंभर-दोनशे पाने एकचित्ताने वाचण्याच्या सवयीतून येते. परीक्षेचा आक्षेपही असाच. ज्या मुलाला चार पाने वाचून त्यांतील मर्म सांगता येते, त्याला कोणत्याही विषयाच्या प्रश्नपत्रिकेचे भय वाटण्याचे कारण नाही.

म्हणून आमच्या सूचना मोजक्या आहेत. प्रत्येक माध्यमिक शाळेने वेळापत्रकात दर आठवड्यास प्रत्येक वर्गासाठी ग्रंथालयाची एक तासिका ठेवावी व ती अन्य विषयांना बळी देऊ नये. कपाटे उघडी करावीत. पुस्तकांच्या निवडीत विद्यार्थ्यांचा हात असावा. शाळा सुटल्यावर दोन तास वाचनकक्ष चालू ठेवावा. के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या संस्थेशी शाळांनी सहकार्य करावे. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालय उपकर नाही. तेव्हा महानगरपालिकेने आपल्या अंदाजपत्रकातच शालेय ग्रंथालयांसाठी स्वतंत्र तरतूद करावी. आणि शासनाने, शाळा लहान असो वा मोठी, पूर्ण वेळाचा ग्रंथपाल दिल्यावाचून राहू नये.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, पुस्तके टेबलावर मांडली जातात आणि सायंकाळी पुन्हा कपाटात जातात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा हिशेब शाळांकडे कोणी मागत नाही. पनवेलच्या पालकांनी तो मागावा. शाळेच्या पुढील पालकसभेत गुणांची चौकशी करून झाल्यावर त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारावा: गेल्या महिन्यात आमच्या मुलाने ग्रंथालयातून कोणते पुस्तक घरी आणले? या प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले, की किल्ली आपोआप सापडेल.