दगडाला किंमत कसली?

‘दगड’ हा शब्द मराठीत आपण बहुधा कुणाला नावे ठेवण्यासाठीच वापरतो. ज्याला काही कळत नाही तो दगड. ज्याला पाझर फुटत नाही तोही दगडच. परंतु चीनमधल्या विद्वानांनी शतकानुशतके दगड जमवले आणि लिहिण्याच्या मेजावर मानाने मांडले. सुंग काळातला चित्रकार व अधिकारी मि फू (१०५१–११०७) याने एका दगडापुढे दरबारी पोशाखात लवून नमस्कार केला आणि त्याला थोरला भाऊ म्हटले, अशी कथा सांगतात. दगड सडपातळ असावा, अंगावर सुरकुत्या असाव्यात, आरपार भोके असावीत, अशी तिथली पारख. प्रत्येक दगडासाठी त्याच्याच बुडाच्या मापाची लाकडी बैठक कोरलेली असते.

हे वाचून कुणाला हसू येईल. त्याने भोपाळमधल्या एखाद्या जुन्या मराठी घरातला देव्हारा पाहावा. पंचायतनातले पाच देव म्हणजे पाच दगडच की! विष्णू म्हणजे गंडकीचा शाळिग्राम, शिव म्हणजे नर्मदेचा बाण, गणपती म्हणजे शोण नदीचा तांबडा दगड, देवी म्हणजे स्वर्णमुखीचा दगड आणि सूर्य म्हणजे स्फटिक. चिनी दगडाला लाकडी बैठक, तर आपल्या बाणाला पितळेची साळुंका. शाळिग्रामाविषयी तर या अंकाच्या कानडी विभागातले माध्व घरांतले मित्र आपल्याहून अधिक सांगू शकतील. भोपाळजवळच्या भोजपूरचे प्रचंड शिवलिंग माणसाने घडवले. देव्हाऱ्यातला बाण मात्र नदीने घडवला. माणसाने तो फक्त निवडला. चिनी पंडितांची दृष्टी आणि आपल्या आजोबांची श्रद्धा यांत अंतर आहे, पण निवडणारा डोळा दोघांजवळही होता.

आज हा डोळा आपण गमावत आहोत, असे मला वाटते. भोपाळहून होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम, सुमारे ७५ किलोमीटर. तरीही नदीनेच घडवलेला बाण आता सहज मिळत नाही. बाणांसाठी प्रसिद्ध असलेले धाराजीचे धावडी कुंड ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली गेले. बाजारात दिसतात ते बहुतेक यंत्रावर घासून गुळगुळीत केलेले. खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात अनेक घरे या कामावर पोट भरतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. कारागिराचे काम कारागिराचे म्हणून विकले गेले की व्यवहार चोख झाला. तक्रार आहे ती ‘नदीत असाच सापडला’ असे सांगून विकणाऱ्याविषयी. चीनमध्येही ताइहू सरोवराचे दगड कोरून पुन्हा वर्षानुवर्षे पाण्यात ठेवत. म्हणूनच तिथे दगड कुणाच्या संग्रहात होता, याला मोल आले.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी ताळेबंदात ‘गुडविल’ मांडतो. ती हाताला लागत नाही, तरी मालमत्ता असते. दगडाचे गुडविल म्हणजे त्याची हकीकत. घराची वाटणी होते, वाड्यातून फ्लॅटमध्ये जाणे होते, आणि ‘एवढे देव कोण पुजणार?’ म्हणून जुना बाण तलावात सोडला जातो. पणजोबांनी तो कोणत्या घाटावरून, कोणत्या यात्रेत आणला, हे सांगणारे माणूस गेले की उरतो तो नुसता गोटा.

म्हणून नवे दगड गोळा करत सुटा, असे मी म्हणत नाही. सम्राट ह्वेइत्सुंगाने बागेसाठी देशभरातून दगड ओढून आणवले, रयत पिळली, बंडाळी ओढवून घेतली. शेवटी शत्रूचा वेढा पडला तेव्हा त्याच बागेतले दगड फोडून शत्रूवर फेकण्याची पाळी आली आणि ११२७ साली राजधानी गेली. हावेला छंद म्हणत नाहीत.

आपल्याला जमवायचे नाही, राखायचे आहे. येत्या सुट्टीत प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: हा बाण कुठला, कुणी आणला, केव्हा? उत्तर एका चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवावे. पूजा करणारा ती श्रद्धेने वाचील, न करणारा कुतूहलाने. पण दगड तलावात सोडण्यापूर्वी दोघेही क्षणभर थांबतील.