नौदल वैमानिकांची शाळा कोठे असावी?

एप्रिल २०२५ मध्ये भारताने फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार केला, तेव्हा देशभर त्याचे स्वागत झाले. ते यथोचितच होते. स्वदेशात बांधलेल्या ‘विक्रांत’ला साजेशी विमाने हवी होतीच. मात्र या २६ विमानांपैकी जी ४ विमाने दोन आसनांची, म्हणजे प्रशिक्षणाची आहेत, ती विमानवाहू नौकेवरून वापरता येणार नाहीत, या तपशिलाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तरुण वैमानिक नौकेवर उतरण्याचा पहिला धडा कोणत्या विमानावर गिरवणार, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे.

जमिनीवर विमान उतरवताना वैमानिक शेवटच्या क्षणी त्याचे नाक किंचित उचलतो आणि चाके अलगद टेकवतो. समोर दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी असते. ‘विक्रांत’ची संपूर्ण लांबी २६२ मीटर, त्यातही उतरण्यासाठी एक तिरका पट्टा, त्यावर आडव्या ताणलेल्या तीन पोलादी तारा, आणि हे सारे लाटांवर हलणारे. येथे अलगद उतरणे हाच दोष ठरतो. ठरलेल्या उतारानेच विमान आदळवावे लागते, शेपटाखालचा आकडा तारेत अडकावा लागतो, आणि चाके टेकताच इंजिनाची शक्ती कमी करायची नसून पूर्ण वाढवायची असते. तार हुकली तर पुन्हा आकाशात झेपावता यावे म्हणून! जमिनीवर अंगी बाणलेल्या सवयी येथे मोडाव्या लागतात, आणि त्यासाठी आपल्या नौदलाच्या गोव्यातील हॉक विमानांचा उपयोग नाही. ती चांगली विमाने आहेत, पण ती तारेला अडकू शकत नाहीत.

याच हॉकवरून अमेरिकेने टी-४५ गॉसहॉक हे नौकाक्षम प्रशिक्षण विमान घडवले. सांगाडा आणि चाकांचे पाय मजबूत केले, आकडा बसवला, कॅटापल्टची जोडणी दिली. ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात १९८१ मध्ये निवड झालेल्या विमानाचे पहिले उड्डाण १९८८ मध्ये झाले. लाभही मोठा झाला. हलक्या, कमी खर्चाच्या विमानावर शिकाऊ वैमानिकाची पारख होऊ लागली. नौकेवरील पहिल्या उतरणीच्या वेळी मागील आसन रिकामेच असते. तेथे बसण्याची हौस कोणत्याही प्रशिक्षकाला नसावी! परंतु तत्पूर्वी किनाऱ्यावरच्या आखलेल्या पट्टीवर प्रशिक्षकासह केलेला अखंड सराव हेच या विमानाचे खरे देणे. फ्रान्सचे नौदल वैमानिकही तेथेच शिकतात. मिग-२९के ताफ्यात येत असतानाच्या काळात भारतीय नौदलानेही आपले तरुण तेथेच धाडले होते.

तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. मजबुतीपायी वजन वाढते आणि वारंवारच्या आदळण्याने आयुष्य घटते. अमेरिकेने २२१ विमाने बांधली म्हणून खर्च परवडला. दोन नौकांच्या देशाला डझन-दीड डझन विमाने पुरतील. चीनने जेएल-९ची नौदल आवृत्ती काढली, तीही किनाऱ्यावरील सरावापुरतीच राहिली. आणि आता खुद्द अमेरिकेनेच २०२५ मध्ये लढाऊ वैमानिकांसाठी टी-४५वरून नौकेवर उतरण्याची पूर्वअट काढून टाकली. त्याजागी येणाऱ्या विमानात ती क्षमता असण्याचाही आग्रह धरलेला नाही. सुपर हॉर्नेटसारख्या विमानांतील संगणक उतरणीचा बराच भार स्वतःवर घेतात, हे त्यामागचे कारण.

मग भारताने तरी हा खटाटोप का करावा, असे म्हणणारे आहेत. अमेरिकेचे हे गणित त्यांच्या विमानांपुरते आहे. मिग-२९केमध्ये ती सोय नाही. आपल्या नौकांवर कॅटापल्टही नाही. उड्डाण वर वळलेल्या स्की-जंपवरून होते. म्हणजे परदेशी शाळेतील निम्मा अभ्यासक्रम येथे लागू पडत नाही. शिवाय १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर तेजसच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना घरचा रस्ता दाखवण्यात आला होता, हे विसरता येत नाही. शाळेचे दार कधी मिटेल, हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असू नये.

आणि उशिराची किंमत या देशाने मोजली आहे. वायुदलाला प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, ही १९८० च्या दशकातील मागणी. अटलजींच्या शासनाने २००३ मध्ये निर्णय घेतला, २००४ मध्ये करार झाला आणि २००८ मध्ये बीदरला हॉक दाखल झाले. मधल्या दोन दशकांत किती उमदे तरुण पुरेशा तयारीविना थेट मिग-२१वर चढले! नौदलात २६ नोव्हेंबर २०२० रोजी ‘विक्रमादित्य’वरील मिग-२९केचे दोन आसनी प्रशिक्षण विमान गोव्याजवळ समुद्रात कोसळले. शिकाऊ वैमानिक वाचला. प्रशिक्षक कमांडर निशांत सिंह यांना वीरमरण आले. अपघाताची कारणे काहीही असोत, महागड्या लढाऊ विमानालाच शाळा बनवल्याने प्रत्येक धडा किती जड होतो, हे त्यातून दिसते.

उपाय परका नाही. गोव्याच्या आयएनएस हंसावर स्की-जंप आणि तारा असलेली किनारी सुविधा उभी आहे. नौदलाच्या तेजसचा पहिला नमुना, २०१२ मध्ये उडालेला, दोन आसनीच आहे. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळंकर यांनी दुसरा, एकआसनी नमुना ‘विक्रमादित्य’वर उतरवला, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘विक्रांत’वरही उतरला. नौदलाने २०१६ मध्ये हे विमान नाकारले, कारण पूर्ण इंधन आणि शस्त्रे घेऊन नौकेवरून उडण्याइतके बळ त्याच्यात नव्हते. आक्षेप रास्त होता. पण शिकाऊ वैमानिकाला क्षेपणास्त्रे कशाला हवीत? लढाऊ म्हणून जे अपुरे, ते शिकवण्यासाठी पुरेसे ठरू शकते.

अडचणी आहेत. इंजिन अमेरिकन आहे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तेजस एमके-१एचा पुरवठा रखडलेला आहे, आणि नाशिकजवळच्या ओझर येथील नवी जुळणी-रांग वायुदलाच्या मागणीतच गुंतलेली राहील. तरीही डझनभर दोन आसनी नौदल तेजसचा प्रस्ताव संरक्षण मंत्रालयाने आताच तपासावयास हवा. राफेल-एम विमाने २०३० पर्यंत पूर्ण संख्येने दाखल व्हावयाची आहेत, आणि त्यांवर बसणारे अनेक तरुण आज एझिमलाच्या अकादमीत शिकत आहेत.