बोक्याचें खच्चीकरण : दया कीं क्रूरता?

मांजर हें गृहस्थाश्रमांतील न बोलावितां आलेलें कुटुंबीय होय. तें माजघरांत निजतें, मुलांच्या पानाशेजारीं बसून दूधभाताचा वांटा घेतें. परंतु नर पिल्लू सहा महिन्यांचें होऊं लागलें कीं हा लाडका एकाएकीं परका होतो. दाराच्या चौकटीवर, अंथरुणाच्या वळकटीवर, प्रसंगीं देवघराच्या भिंतीवरहि तो उग्र दर्पाच्या मूत्राची पिचकारी सोडतो, रात्रीं ओरडतो, दोन दोन दिवस बेपत्ता होऊन फाटक्या कानानें परततो. मग घरांत एकच वाक्य ऐकूं येतें : "ह्याला कुठें तरी सोडून या." मांजर मारणें पाप मानणारीं सुविद्य घरेंहि त्यास पोत्यांत घालून दूरच्या मंडईंत सोडण्यास कचरत नाहींत.

ह्या संकटावर खच्चीकरण हा उपाय आहे. शब्द कानांस कठोर लागतो, म्हणून त्याचा अर्थ नीट पाहूं. वरील उपद्रवांचें मूळ वृषणांत उत्पन्न होणारा टेस्टोस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव हें होय. त्याच्या प्रेरणेनें बोका हद्द आंखतो, मादी शोधीत हिंडतो आणि झुंजतो. पशुवैद्य पूर्ण भूल देऊन लहानशा छेदांतून दोन्ही वृषण काढतात. बहुधा टांकेहि लागत नाहींत व बोका त्याच दिवशीं घरीं येतो. पांच-सहा महिन्यांच्या सुमारास, संवय जडण्यापूर्वीं, हें करविलें असतां दहांपैकीं सुमारें नऊ बोके पुढें पिचकारी मारीत नाहींत. भटकणें व झुंजणेंहि पुष्कळ कमी होतें.

झुंज टळणें हा लाभ लहान नव्हे. बोक्याचा दांत खोल रुततो. जखम वरून मिटते आणि आंत पू सांचतो. शिवाय मांजराची रोगप्रतिकारशक्ति पोखरणारा एक विषाणु १९८६ मध्यें अमेरिकेंत प्रथम सांपडला. तो मुख्यत्वें चाव्यांतून पसरतो. माणसास त्याची बाधा होत नाहीं. मांजरास मात्र तो जन्मभर सोडीत नाहीं.

"हें निसर्गाविरुद्ध आहे," असा आक्षेप वडील मंडळी घेतात. पण पोळ्यास ज्याला आपण पुरणपोळी चारतों, त्या खोंडाचा बैल ह्याच क्रियेनें झालेला असतो. अशोकानें राज्याभिषेकास २६ वर्षें झाल्यावर कोरविलेल्या पांचव्या स्तंभलेखांत ठराविक तिथींस बैल, बोकड, मेंढे व डुकरें खच्ची करूं नयेत अशी आज्ञा आहे. दयेबद्दल विख्यात असलेल्या ह्या राजानेंहि प्रथेस मर्यादा घातली, ती सर्वथा बंद केली नाहीं. आणि त्या जनावरांच्या नशिबीं आजची भूल नव्हती.

दुसरी शंका उंदरांची. शिकारीची ओढ ह्या स्रावावर अवलंबून नसते. बोका पुढेंहि उंदीर धरतो. मात्र त्याची अन्नाची गरज घटते व भूक वाढते. त्यामुळें वाटी मोजून न भरल्यास तो लठ्ठ होतो. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे त्याच्यापासून गर्भ राहूं शकतो, म्हणून तेवढा काळ त्यास माद्यांपासून दूर ठेवावें. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ आपला बोका खच्ची केल्यानें आळींतील पिल्लें थांबणार नाहींत. एक मोकळा बोका अनेक माद्यांस पुरतो आणि मादी सुमारें नऊ आठवड्यांत वितें. म्हणून घरच्या मादीचीहि शस्त्रक्रिया करवावी. तींत पोट उघडावें लागत असल्यानें ती अधिक जपून करावयाची असते, इतकेंच.

स्वर्गाच्या दारीं धर्मराजानें आश्रित कुत्र्यास सोडण्याचें नाकारलें, ही कथा आपण मुलांस सांगतों. तीं मुलें पोतें उचलून नेणाऱ्या वडिलांसहि पाहत असतात. घरांत चार-पांच महिन्यांचें नर पिल्लू असेल, तर त्यास ह्याच महिन्यांत पशुवैद्याकडे न्यावें.