हवेला परत जाऊ द्या

पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरांत तीन-चार बेडरूमचा फ्लॅट घेतला की एसी डक्टचाच हवा, असा हट्ट हल्ली सर्रास दिसतो. यंत्र फॉल्स सिलिंगच्या पोटात आणि डोळ्यांना दिसणार फक्त चिंचोळ्या जाळ्या. हौसेला मोल नसतं, तेव्हा हौसेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या जाळ्यांच्या जागा ठरवण्याच्या रीतीबद्दल. गार हवा कुठून पडणार यावर बैठका झडतात. ती यंत्राकडे परत कुठून जाणार, हे मात्र झुंबर, कोव्ह लाइट आणि टीव्हीचं पॅनेल यांची सोय लागल्यावर उरलेल्या कोपऱ्यात उरकलं जातं.

घरातला एसी गार हवा बाहेरून आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, तिच्यातली उष्णता आणि ओल काढून घेतो आणि तीच पुन्हा सोडतो. जितकी ओढता येईल तितकीच सोडता येते. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे दोन टनांच्या यंत्राला ८००. ती गुपचूप आत यायची तर जाळीपाशी तिचा वेग मिनिटाला ४०० फुटांच्या आसपास राहायला हवा. त्यासाठी दोन चौरस फूट मोकळी जागा लागते आणि पट्ट्यांनी अडवलेली जागा धरली तर जाळी तीन चौरस फुटांच्या घरात जाते. सजावटीच्या नकाशात प्रत्यक्षात काय असतं? तीन इंच रुंद, चार फूट लांब फट, झालं! तिचं एकूण क्षेत्रफळ एक चौरस फूट. मग यंत्र घरघरतं. आवाजाची तक्रार गेली की मेकॅनिक येऊन पंख्याचा वेग उतरवून जातो. हवा आणखी कमी झाल्यामुळे कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळतो आणि नव्याकोऱ्या पीओपीवर पिवळे डाग उमटतात. दोष मात्र कंपनीच्या माथी.

‘रिटर्न, म्हणजे हवा परत ओढणारी जाळी, वर घ्यायची की खाली?’ हा घरमालकांचा लाडका प्रश्न. त्यावर डोकं शिणवण्यात फारसा अर्थ नाही. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकरीने विझते; तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. रिटर्नची ओढ अशीच जाळीच्या तोंडाशीच संपते. खोलीत हवा फिरते ती सप्लायच्या, म्हणजे गार हवा सोडणाऱ्या जाळीच्या, झोताने. तो झोत थेट रिटर्नवर आदळणार नाही एवढं पाहिलं की वर-खालीचा वाद मिटला.

खरी मेख बेडरूमच्या दारात आहे. चार खोल्यांना सप्लाय आणि रिटर्न एकच, तोही हॉलमध्ये, ही काटकसर नेहमीची. रात्री दार लावलं की आत मिनिटाला २०० घनफूट हवा यायची आणि बाहेर जायला दाराखालची फट. तीन फुटी दाराखाली एक इंच जागा सोडली, तरी तेवढी हवा तिथून जायची तर तिला ताशी जवळजवळ १५ किलोमीटरने पळावं लागेल. ती पळत नाही. खोलीत दाब वाढतो आणि सप्लायच मंदावतो. तिकडे हॉलमधून हवा ओढणं चालूच असतं. मग तूट भरून काढायला खिडक्यांच्या फटींतून पावसाळी दमट हवा आणि बाथरूमच्या एक्झॉस्टच्या भोकातून इमारतीच्या शाफ्टचा वास घरात येतो. प्रत्येक बेडरूमला स्वतंत्र रिटर्न देणं, निदान दारावरच्या भिंतीत आरपार जाळी बसवणं, हा यावरचा उपाय. दुसऱ्या उपायात थोडा आवाज पलीकडे जातो, हे खरं.

अमेरिकेत डक्टचे एसी घरोघरी आहेत, त्यामुळे तिथल्या घरबांधणीच्या आदर्श संहितेत रिटर्नच्या जागेचे नियमच आहेत. बाथरूम, शौचालय आणि गॅरेजमधली हवा रिटर्नमध्ये घ्यायची नाही. स्वयंपाकघरात घ्यायचीच असेल तर शेगडीपासून किमान १० फूट दूर. फोडणीचा धूर बाहेर न टाकता तिथेच फिरवणारी चिमणी असलेल्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांना या १० फुटांचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ओपन किचनची टूम आहे आणि रिटर्न डायनिंग टेबलाच्या डोक्यावर. यंत्रातली नायलॉनची जाळी धूळ अडवते, तेलाचा धूर नव्हे. माशांच्या कालवणाचा वास मग दोन दिवस मुलांच्या खोलीत मुक्काम करतो.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे रिटर्नला डक्टच नसणं. छताला भोक पाडायचं आणि स्लॅब व पीओपी यांच्यामधल्या पोकळीतूनच हवा ओढायची. काम स्वस्तात होतं. पण त्या पोकळीत सुताराचा भुसा, जिप्समची पूड, पाली, सगळंच असतं. वरच्या मजल्यावर मे महिन्यात तापलेल्या स्लॅबची धगही असते. तापमान मोजणारा सेन्सर बहुधा रिटर्नच्या वाटेतच बसवलेला असतो. त्याला कळते ती खोली नव्हे, ती पोकळी. खाली माणसं पांघरूण ओढत असतात आणि वर यंत्राला वाटतं, अजून उकडतंय. वीजबिल त्या गैरसमजाचं येतं.

ज्यांच्या घराचं काम चालू आहे त्यांनी पीओपीवाल्याला हात लावू देण्याआधी एसीच्या कंत्राटदाराला आणि इंटिरियरवाल्याला एकाच टेबलाशी बसवावं. रिटर्नची जागा, जाळीचा आकार, तिथपर्यंतचा डक्ट आणि फिल्टर काढण्यापुरतं ट्रॅपडोअर, सगळं नकाशावर लिहून घ्यावं. नंतर सुधारायचं म्हटलं तर छत फोडावं लागतं आणि तो खर्च घरमालकाच्याच खिशातून जातो.