स्वयंपाकाची भांडी : कोणती वर्षानुवर्षं वापरावीत, कोणती वेळेत बदलावीत?

"डॉक्टर, कोणता तवा चांगला?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात बरेचदा विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे : बिडाचा किंवा लोखंडी. कारण तो वीस-तीस वर्षं टिकतो, बिघडला तरी घरच्या घरी सुधारता येतो आणि जुना झाला म्हणून आरोग्याला अपाय करत नाही. रोजच्या वापराचं भांडं निवडताना हे तिन्ही मुद्दे तपासावेत, असं माझं मत आहे.

लोखंड आणि बीड : नवा तवा तेल लावून मंद आचेवर दोन-चार वेळा तापवला, कांदा चोळला, की डोसे-घावन सुटू लागतात. गंज चढला तर घासून, कोरडा करून, तेलाचं बोट फिरवायचं. लोखंडी कढईत शिजवलेल्या पदार्थात थोडं लोहही उतरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे पाहता ही जमेची बाजू आहे. मात्र कढई हे औषध नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. शिजलेली भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह साठतं, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

स्टील : जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आंबट-खारट सगळ्याला चालतं. आमटी, सार, कढी यांच्यासाठी उत्तम.

पितळ : पितळी पातेलं दोन पिढ्या टिकतं, पण त्याची कल्हई टिकत नाही. आतला पिवळा रंग दिसू लागला की त्यात आंबट पदार्थ ठेवू नका. तांबं उतरून मळमळ, उलट्या होऊ शकतात. कल्हई शुद्ध कथलाचीच हवी, शिसं मिसळलेली नको. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून असं भांडं रिकामं तापवू नये.

अ‍ॅल्युमिनियम : साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटो शिजवणं टाळा. निरोगी मूत्रपिंडं हा धातू बाहेर टाकतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी विशेष जपावं.

नॉनस्टिक : इथे आपली काटकसर नडते. "अजून चालतोय की!" म्हणत आपण चरे पडलेला तवा वापरत राहतो. घाबरून जाऊ नका. पोटात गेलेला लेपाचा कण बहुधा तसाच बाहेर पडतो. खरा धोका अति तापवण्याचा आहे. साधारण 260 अंशांच्या पुढे लेपाचं विघटन सुरू होतं, आणि फार तापलेल्या भांड्याच्या धुरामुळे फ्लूसारखा ताप, खोकला येऊ शकतो. रिकामा तवा मोठ्या गॅसवर विसरला तर हे तापमान काही मिनिटांत गाठलं जातं. जुन्या भांड्यांबद्दल आणखी एक गोष्ट : लेप बनवताना पूर्वी वापरलं जाणारं 'पीएफओए' हे रसायन 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोगकारक ठरवलं. तयार तव्यात ते नगण्य उरतं, पण लेप उडालेला तवा जपण्यात काहीच फायदा नाही. नॉनस्टिक घेतलाच तर मंद आच, लाकडी उलथनं आणि लेप निघू लागला की निरोप.

घरात सगळं एकदम बदलायला जाऊ नका. पुढच्या वेळी नॉनस्टिक टाकायची पाळी येईल तेव्हा त्या जागी बिडाचा तवा आणा. जड वाटत असेल, मनगट किंवा खांदा दुखत असेल, तर पातळ पत्र्याचा लोखंडी तवा घ्या. तोही तितकाच उपयोगी. आणि आज स्वयंपाकघरात जाल तेव्हा प्रत्येक भांडं आतून एकदा उजेडात नीट बघा.